साखळीचा सोबती : वीजवाहक प्लास्टिकच्या इतिहासातील प्रतिआयन

२००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांना वीजवाहक बहुवारिकांच्या शोधाबद्दल आणि विकासाबद्दल देण्यात आले. प्लास्टिक हे तारेवरचे आवरण, वीज वाहावी ती आतल्या तांब्यातून, ही रूढ समजूत या तिघांच्या कार्याने मोडली. त्या शोधाची हकिकत पुष्कळदा सांगितली गेली आहे आणि ती बहुधा कार्बनच्या एका लांब साखळीची हकिकत असते. त्या साखळीशेजारी प्रत्येक प्रयोगात हजर असलेला दुसरा घटक म्हणजे प्रतिआयन. पाठ्यपुस्तकातील सूत्रात तो कंसाबाहेर एका अक्षराने उरकला जातो. इतिहास तपासला तर मात्र असे दिसते, की हा पदार्थ विरघळेल का, हवेत टिकेल का, त्याचा पातळ थर पसरता येईल का आणि थंडीतही त्यातून वीज वाहत राहील का, या प्रश्नांची उत्तरे वारंवार या दुय्यम मानलेल्या घटकाने दिली.

प्रतिआयनाची गरज का पडते, हे प्रथम पाहू. संयुग्मित बहुवारिकाच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने येतात. अशी साखळी शुद्ध स्थितीत फारशी वीज वाहत नाही, कारण तिच्यातील इलेक्ट्रॉन बंधांत गुंतलेले असतात. ऑक्सिडीकरणाने काही इलेक्ट्रॉन काढून घेतले, की साखळीवर धनप्रभार निर्माण होतो आणि तो साखळीभर सरकू शकतो. या क्रियेला डोपिंग म्हणतात. परंतु प्रभाराचा जमाखर्च जुळावाच लागतो. साखळीवर जितके धनप्रभार, तितकेच ऋणप्रभार जवळपास असले पाहिजेत. ते घेऊन येणारा आयन हाच प्रतिआयन होय. तो साखळीला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, तिच्या शेजारी बसलेला असतो.

डोपिंग हा शब्द सिलिकॉनच्या तंत्रज्ञानातून आला आणि त्याने एक गैरसमजही सोबत आणला. सिलिकॉनमध्ये लाखो अणूंमागे फॉस्फरसचा किंवा बोरॉनचा एखादा अणू पुरतो. बहुवारिकांचे प्रमाण अगदी निराळे आहे. पॉलिपायरोलमध्ये दर तीन-चार वलयांमागे एक ऋण आयन असतो. तो टेट्राफ्लुओरोबोरेट असेल तर थराच्या वजनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग त्याचा असतो, आणि टोसिलेट असेल तर हा वाटा चाळीस टक्क्यांच्या पुढे जातो. ज्याला किंचित भेसळ समजले गेले, तो पदार्थाचा एक प्रमुख घटकच होता.

या पदार्थांची एक जुनी नोंद १८६२ सालची आहे. लंडनमधील वैद्य आणि रसायनज्ञ हेन्री लेथबी यांनी गंधकाम्लात विरघळलेल्या ॲनिलिनमधून विद्युतप्रवाह सोडला तेव्हा प्लॅटिनमच्या धनाग्रावर गडद निळसर हिरवा थर जमला. आज ज्याला पॉलिॲनिलिन म्हणतात, त्याचेच ते एक रूप होते. लेथबींचे लक्ष रंगाकडे होते आणि त्या थराची वाहकता मोजण्याचे कारणही त्या काळी नव्हते. शंभर वर्षांनी, १९६३ साली, ऑस्ट्रेलियातील डोनाल्ड वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त पॉलिपायरोलची वाहकता मोजून प्रसिद्ध केली. हे काम त्या वेळी जवळपास दुर्लक्षितच राहिले.

पुढचे वळण जपानमध्ये आले. १९६७ साली टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील शिराकावांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाकडून ॲसिटिलीनच्या बहुवारिकीकरणात उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चंदेरी चकाकीचा पापुद्रा मिळाला. मॅकडायर्मिड १९७५ मध्ये टोकियोला गेले असता त्यांना तो पापुद्रा दाखवण्यात आला आणि पुढच्या वर्षी शिराकावा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दाखल झाले. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्या पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडताच त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. १९७७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या प्रयोगांत हॅलोजन इलेक्ट्रॉन काढून घेत होते आणि इलेक्ट्रॉन घेऊन स्वतः आयन बनून साखळ्यांच्या मध्ये बसत होते. आयोडीनने डोप केलेल्या पॉलिॲसिटिलीनमध्ये साधा आयोडाइड आयन नसतो. तेथे आयोडीनचे तीन अणू एका रांगेत जोडलेला ट्रायआयोडाइड आणि पाच अणूंचा पेंटाआयोडाइड आढळतो, हे रामन आणि मॉसबाउअर वर्णपटांवरून स्पष्ट झाले. काडीसारखे लांबट असलेले हे आयन समांतर साखळ्यांच्या मधल्या जागेत मावतात. १९८७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत हर्बर्ट नारमान आणि निकोलस थिओफिलू यांनी अधिक सुबक आणि ताणलेल्या पॉलिॲसिटिलीनला आयोडीन दिले, तेव्हा वाहकता दर सेंटिमीटरला एक लाख सीमेन्सच्या पलीकडे गेली. तांब्याची वाहकता सुमारे सहा लाख सीमेन्स प्रति सेंटिमीटर आहे.

इतके होऊनही पॉलिॲसिटिलीनची तार बाजारात आली नाही. ही साखळी हवेतील ऑक्सिजनपुढे टिकत नाही, आणि तिचा सोबतीही तितकाच अस्थिर होता, कारण आयोडीन हळूहळू निसटून जाते. त्या काळात उत्तम वाहकता देणारे दुसरे संयुग म्हणजे आर्सेनिक पेंटाफ्लुओराइड. हा वायू अतिशय विषारी असल्याने प्रयोगशाळेबाहेर त्याचा विचारही अवघड होता. टिकाऊ वीजवाहक प्लास्टिक हवे असेल तर साखळीइतकाच आयनही काळजीपूर्वक निवडावा लागेल, हा धडा येथे प्रथम मिळाला.

१९७९ साली कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत डियाझ, केजी कानाझावा आणि सहकाऱ्यांनी पायरोलचे विद्युतरासायनिक बहुवारिकीकरण करून पॉलिपायरोलचा सलग, लवचीक आणि हवेत टिकणारा थर मिळवला. त्याची वाहकता १०० सीमेन्स प्रति सेंटिमीटरपर्यंत होती. या पद्धतीत थर धनाग्रावर वाढतो आणि वाढतानाच द्रावणातील ऋण आयन आत ओढून घेतो. त्यामुळे द्रावणात वेगळे लवण टाकले, की वेगळा पदार्थ तयार होतो. साखळी तीच राहिली तरी थराची घनता, चिवटपणा, वाहकता आणि पृष्ठभागाचे स्वरूप आयनाबरोबर बदलते.

याच पदार्थात प्रतिआयनाचा दुसरा गुण दिसला. आयन लहान असेल, तर विद्युतदाब उलटवून क्षपण केल्यावर तो थरातून बाहेर पडतो आणि थर आकसतो. आयन मोठा असेल, उदाहरणार्थ डोडेसिलबेन्झीन सल्फोनेट, तर तो साखळ्यांत अडकून राहतो. मग जमाखर्च जुळवण्यासाठी द्रावणातील सोडियमसारखे धन आयन आत शिरतात आणि थर फुगतो. म्हणजे त्याच विद्युतदाबाला एक थर आकसून तर दुसरा फुगून प्रतिसाद देतो, आणि हा फरक केवळ आयनाच्या आकारामुळे पडतो. कृत्रिम स्नायूंचे प्रयोग याच हालचालीवर उभे राहिले. १९८४ साली झिंगर आणि मिलर यांनी पॉलिपायरोलमध्ये ग्लुटामेट आयन साठवून तो विद्युतदाबाच्या इशाऱ्यावर बाहेर सोडता येतो, हे दाखवले. विजेने औषध सोडणाऱ्या थरांची कल्पना या प्रयोगापासून पुढे विकसित झाली. तेथे प्रतिआयन हाच मुख्य माल होता आणि साखळी ही त्याची कोठी.

पॉलिॲनिलिनने तर डोपिंगची व्याख्याच रुंदावली. १९८० च्या दशकात मॅकडायर्मिड आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की एमराल्डीन या रूपातील पॉलिॲनिलिनला साधे हायड्रोक्लोरिक आम्ल दिले तरी त्याची वाहकता सुमारे दहा अब्ज पटींनी वाढते. या क्रियेत साखळीवरील इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत नाही. आम्लातील प्रोटॉन साखळीतील नायट्रोजनला चिकटतो आणि आम्लाचा उरलेला भाग, येथे क्लोराइड, प्रतिआयन म्हणून शेजारी राहतो. आम्लारीने धुतले, की वाहकता जाते आणि पुन्हा आम्ल दिले, की परतते. या गुणाचा उपयोग भारतातही झाला. १९९० च्या दशकात मुंबईच्या आयआयटीत ए. क्यू. कॉन्ट्रॅक्टर आणि सहकाऱ्यांनी पॉलिॲनिलिनवर विकरे बसवून ग्लुकोज, युरिया यांसारखे पदार्थ ओळखणारे जैवसंवेदक तयार केले. विकराच्या क्रियेने भोवतालची आम्लता बदलली, की बहुवारिकाची वाहकता बदलते आणि ती मोजता येते.

तरीही एक अडथळा मोठा होता. वीजवाहक रूपातील पॉलिॲनिलिन ही हिरवी भुकटी साध्या द्रावकांत विरघळत नसे आणि वितळतही नसे. प्लास्टिकचा मुख्य गुण म्हणजे त्याला हवा तो आकार देता येतो. येथे नेमका तोच गुण हरवला होता. विरघळण्यासाठी साखळीला बाजूच्या शाखा जोडाव्यात, हा एक मार्ग होता, पण त्याने वाहकता घसरे.

१९९२ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे योंग काओ, पॉल स्मिथ आणि ॲलन हीगर यांनी साखळीला हात न लावता हा प्रश्न सोडवला. त्यांनी आम्लच असे निवडले, की त्याचे एक टोक साखळीला धरील आणि दुसरे टोक द्रावकाशी जुळवून घेईल. दोन आम्ले विशेष उपयोगी ठरली. पहिले डोडेसिलबेन्झीन सल्फॉनिक आम्ल. भारतात धुण्याची पावडर बनवणारे लघुउद्योजक ज्या कच्च्या मालाला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात, तो याच कुळातला. त्याच्या बारा कार्बनांच्या शेपटामुळे पॉलिॲनिलिन झायलीन, क्लोरोफॉर्म अशा द्रावकांत उतरले. दुसरे कॅम्फर सल्फॉनिक आम्ल. ते कापरापासून बनते, आणि कापूर म्हणजे आरतीच्या तबकात जळतो तोच रेणू. या आम्लासह मेटा-क्रेसॉलमध्ये विरघळवून पसरवलेल्या थराची वाहकता १०० ते ४०० सीमेन्स प्रति सेंटिमीटर इतकी भरली.

या मार्गाला संशोधकांनी ‘प्रतिआयनाने साधलेली प्रक्रियाक्षमता’ अशा अर्थाचे नाव दिले. आजवर मागे राहिलेल्या घटकाचे नाव प्रथमच शीर्षकात आले. वजनाचा हिशेबही बोलका आहे. ॲनिलिनच्या दोन घटकांमागे कॅम्फर सल्फॉनिक आम्लाचा एक रेणू धरला, तर त्या वीजवाहक थराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग कापराच्या आम्लाचा असतो. त्याच वर्षी प्लास्टिकच्या लवचीक पत्र्यावर अशा पॉलिॲनिलिनचा पारदर्शक अग्र वापरून वाकवता येणारा प्रकाशदायी डायोड तयार करण्यात आला.

कापराच्या आम्लाने आणखी एक गोष्ट दाखवली. कापराचा रेणू उजव्या आणि डाव्या हातांसारख्या दोन प्रतिबिंबरूपांत असतो. १९९० च्या दशकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठातील लिऑन केन-मॅग्वायर, गॉर्डन वॉलेस आणि सहकाऱ्यांनी यांपैकी एकेक रूप वापरून पॉलिॲनिलिन तयार केले. साखळीच्या स्वतःच्या घडणीत डावे-उजवे काही नसताना उजव्या आणि डाव्या आयनांसोबत वाढलेले थर ध्रुवीकृत प्रकाशाशी परस्परविरुद्ध वागले. शेजारी बसलेल्या आयनाने साखळीला आपल्या हाताचा पीळ दिला होता. साखळीचा आकार प्रतिआयन घडवू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

आकाराचा वाहकतेशी असलेला संबंध मॅकडायर्मिड आणि आर्थर एपस्टाइन यांनी १९९४ मध्ये ‘दुय्यम डोपिंग’ या संज्ञेने मांडला. मेटा-क्रेसॉलमध्ये गुंडाळीसारखी साखळी उलगडते आणि द्रावक उडून गेल्यानंतरही ती बऱ्याच अंशी उलगडलेली राहते. उलगडलेल्या साखळीवर प्रभार दूरपर्यंत जाऊ शकतो.

मग हा पदार्थ खरोखर धातू म्हणावा का? धातू थंड केला, की त्याचा रोध कमी होतो. अर्धवाहकाचा वाढतो आणि निरपेक्ष शून्याजवळ वहन थांबते. या परीक्षेत भारतीय भौतिकशास्त्रज्ञ रघु मेनन यांचे काम महत्त्वाचे आहे. ते पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. १९९३ साली हीगर यांच्या गटात काम करताना काओ आणि डॅनियल मोझेस यांच्यासह त्यांनी कॅम्फर सल्फॉनिक आम्लाने डोप केलेल्या पॉलिॲनिलिनची वाहकता अतिशीत तापमानापर्यंत मोजली. हा पदार्थ धातू आणि विसंवाहक यांच्या सीमारेषेवर उभा आहे, असे त्यांना आढळले. खोलीच्या तापमानाजवळ तो धातूसारखा वागे, पण खूप थंड केल्यावर कोणत्या बाजूला झुकेल, हे त्यातील अव्यवस्थेच्या प्रमाणावर ठरे. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट आयन असलेल्या पॉलिपायरोलमध्येही या गटाला तशीच सीमारेषा दिसली. तेथे केवळ दाब वाढवून पदार्थाला धातूच्या बाजूला नेता आले. अत्यल्प तापमानापर्यंत खरीखुरी धातूसारखी वागणूक दाखवणारे पॉलिॲनिलिन २००६ साली क्वांगही ली, हीगर आणि सहकाऱ्यांनी सादर केले. त्यातही प्रतिआयन कापराच्या आम्लाचाच होता.

बाजारात सर्वाधिक यश मात्र वेगळ्या जोडीला मिळाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या बायर कंपनीत पेडॉट हे बहुवारिक तयार झाले. ते टिकाऊ होते, पण विरघळत नव्हते. उपाय पुन्हा प्रतिआयनाने दिला, आणि या वेळी प्रतिआयन स्वतःच एक बहुवारिक होता. पॉलिस्टायरीन सल्फोनेट, म्हणजे पीएसएस, पाण्यात विरघळतो आणि पेडॉटच्या आखूड साखळ्यांना आपल्या अंगावर घेऊन पाण्यात तरंगत ठेवतो. छायाचित्रणाच्या फिल्मवर स्थिर विद्युत साचू नये म्हणून हे निळसर मिश्रण प्रथम वापरात आले. पुढे ते सौर घट, प्रकाशदायी पडदे आणि मेंदूचे संकेत टिपणारे अग्र यांपर्यंत पोहोचले.

या यशाची किंमतही होती. पीएसएस स्वतः वीज वाहत नाही. पेडॉटच्या एका भागास पीएसएसचे अडीच भाग असतील, तर थराची वाहकता सुमारे एक सीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. सहा भाग असतील तर ती सुमारे एक सहस्रांशावर येते आणि वीस भाग असतील तर एक लक्षांशावर. शिवाय पीएसएस आम्लधर्मी असल्याने सौर घटातील इंडियम टिन ऑक्साइडचा थर तो हळूहळू झिजवतो. म्हणून पुढची अनेक वर्षे आणलेला सोबती पुन्हा दूर करण्यात गेली. एथिलीन ग्लायकॉल किंवा डायमिथिल सल्फॉक्साइड मिसळल्यावर पेडॉट आणि पीएसएस काहीसे विलग होतात आणि वाहकता शेकडो पटींनी वाढते. २०१२ ते २०१४ या काळात संहत गंधकाम्लाने जादा पीएसएस धुऊन काढून वाहकता तीन ते चार हजार सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या पुढे नेण्यात आली.

गेल्या काही वर्षांतील वाद अधिक मूलगामी आहे. बहुवारिकांत विद्युत आकर्षण सिलिकॉनच्या मानाने तीन-चार पट प्रबळ असते. त्यामुळे ऋण प्रतिआयन साखळीवरील धनप्रभाराला जखडून ठेवत असेल, अशी शंका जुनी आहे. तसे असेल तर आयन मोठा आणि साखळीपासून दूर असणे हिताचे. २०१९ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बोरॉनच्या बारा अणूंचा गाभा आणि भोवती जाड आवरण असलेले अवाढव्य आयन वापरून या तर्काला बळ देणारे निष्कर्ष मिळाले. गाभ्यातील ऋणप्रभार आवरणाने झाकला गेल्यावर साखळीवरील प्रभार अधिक मोकळेपणाने सरकू लागले. त्याच वर्षी टोकियो विद्यापीठातील शुन वातानाबे, जुन ताकेया आणि सहकाऱ्यांनी आयनांची अदलाबदल करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. एक रेणू इलेक्ट्रॉन काढून घेतो, पण त्याच्या आयनाची जागा द्रावणातील दुसरा, अधिक स्थिर आयन घेतो. इलेक्ट्रॉन कोणी काढायचा आणि शेजारी कोणी राहायचे, ही दोन कामे त्यामुळे प्रथमच वेगळी झाली.

ही सोय हाती आल्यावर जुना प्रश्न नेमकेपणाने विचारता आला. साखळी तीच ठेवून निरनिराळ्या आकारांचे आयन बसवले तर काय होते? केंब्रिज विद्यापीठातील इयन जेकब्स, हेनिंग सिरिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दिलेले उत्तर अनेकांना अनपेक्षित होते. डोपिंगचे प्रमाण फार जास्त असते, तेव्हा आयनाच्या आकाराने वाहकतेत फारसा फरक पडत नाही. तेथे निर्णायक ठरते ती साखळ्यांच्या रचनेतील सुव्यवस्था. आयन इतके दाटीने असतात, की त्यांचे आकर्षण सर्वत्र पसरते आणि एकेका सापळ्याची खोली उरत नाही. डोपिंग कमी असेल तेव्हा मात्र सापळ्याचा विचार सोडून देता येत नाही.

या वादाचा निकाल पुढील संशोधनाची दिशा ठरवणारा आहे. आयन जर मुख्यतः पहारेकरी असेल, तर अधिकाधिक मोठे आणि झाकलेले आयन शोधावे लागतील. तो मुख्यतः रचनाकार असेल, तर साखळ्या विस्कटू न देता त्यांच्यामधल्या जागेत नीट बसणारे आयन निवडावे लागतील. कापराच्या आम्लाचा अनुभव दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतो. त्याने पॉलिॲनिलिनला विरघळवले, उलगडले, पीळ दिला आणि धातूच्या उंबरठ्यापर्यंत नेले, आणि हे करताना स्वतः विजेचा एक कणही वाहून नेला नाही. वीजवाहक बहुवारिकाचे सूत्र लिहिताना कंसाबाहेरचे ते एक अक्षर कोणत्या आयनाचे आहे, हे कळल्याशिवाय त्या पदार्थाची ओळख अपुरीच राहते.